तंत्रज्ञानातला बदल सर्वसामान्य वापरकर्त्याच्या कानावर कसा घालावा

ज्या घरात किंवा कार्यालयात चार संगणक आणि दहा मोबाइल असतात, तिथे एक माणूस आपोआप सगळ्यांचा सल्लागार होऊन बसतो. पडद्यावर अनोळखी चौकट उघडली, एखादे ॲप पूर्वीसारखे दिसेनासे झाले किंवा ‘तुमची आवृत्ती जुनी झाली आहे’ असा संदेश आला, की सगळे त्याच्याकडे धाव घेतात. हे मार्गदर्शन त्या माणसासाठी आहे. आलेली अडचण सोडवणे हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. इथे विचार करायचा आहे तो त्याआधीच्या कामाचा, म्हणजे होऊ घातलेला बदल संबंधितांना वेळेवर आणि त्यांना उमजेल अशा भाषेत कसा कळवायचा, याचा.

या कामाची सुरुवात बातम्या गोळा करण्यापासून नव्हे, तर त्या टाकून देण्यापासून करावी. तंत्रज्ञानाच्या बातम्या रोज ढिगाने येतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा सामान्य वापरकर्त्याशी काडीचाही संबंध नसतो. प्रत्येक बातमीला एकच प्रश्न विचारावा: हे कळल्यावर समोरच्या माणसाला काही करावे लागणार आहे का? नव्या फोनचे अनावरण, कंपन्यांमधील चढाओढ, पुढच्या वर्षी येऊ शकणारी सोय, हे सारे या चाळणीतून खाली पडते. वर उरते ते थोडेच. एखादी गोष्ट ठरलेल्या तारखेला बंद पडणार असते, साठवलेले काही पुसले जाणार असते किंवा त्यासाठी पैसे मोजावे लागणार असतात, सुरक्षिततेत नवे भगदाड पडलेले असते, नाहीतर रोजच्या वापरातले बटण जागा बदलणार असते. ५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झाले, १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमधील नवे फोटो खात्याच्या १५ जीबीच्या मोफत मर्यादेत मोजले जाऊ लागले, १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ किंवा त्याहून जुन्या फोनवर व्हॉट्सॲप चालेनासे झाले. या तिन्ही बातम्या कळवण्यासारख्या होत्या, पण त्याही सगळ्यांना नव्हे, ज्यांना लागू होत्या त्यांनाच.

काही बदल असे असतात, की त्यांचा गाजावाजा होत नाही आणि म्हणूनच ते कुणीतरी सांगावे लागतात. सलग २ वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातील मजकुरासह पुसले जाऊ शकते, असे धोरण गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले आणि डिसेंबर २०२३ पासून ते अमलात आणण्यास सुरुवात केली. पुसण्याआधी सूचना पाठवल्या जातात हे खरे. परंतु त्या जातात त्याच टपालपेटीत, जी २ वर्षांत कुणी उघडलेली नसते, आणि दिलेला असेल तर पर्यायी पत्त्यावर. जुन्या फोनबरोबर मागे पडलेल्या खात्यात मुलांचे लहानपणीचे फोटो असणे मुळीच दुर्मीळ नाही. उपाय अगदी किरकोळ आहे, त्या खात्यात एकदा शिरून एखादा मेल उघडला तरी पुरते. अशी बातमी तुम्ही सांगितली नाही, तर ती फोटो गेल्यावरच कळते.

बातमी कुठून घ्यावी, याबाबत माझे मत ठाम आहे: ज्याने बदल केला, त्याच्याच पानावरून. मायक्रोसॉफ्ट आपल्या प्रत्येक उत्पादनाचा सपोर्ट कोणत्या तारखेला संपणार हे जाहीर करते आणि सुरक्षेचे नियमित अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. अँड्रॉइडचे सुरक्षापत्रक ऑगस्ट २०१५ पासून निघत आहे, आणि ॲपलही आपल्या सुरक्षा अपडेटची यादी एकाच पानावर ठेवते. ही तीन ठिकाणे महिन्यातून एकदा डोळ्यांखालून घातली, तर अर्ध्या तासात काम होते. वृत्तपत्रातली किंवा व्हिडिओतली बातमी दखल घेण्यापुरती ठीक, पण पुढे पाठवण्याआधी मूळ पान उघडून तारीख आणि व्याप्ती तपासलीच पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने धोरणबदलाची सूचना दाखवली, तेव्हा ‘आता सगळे संदेश कंपनी वाचणार’ अशी हूल उठली आणि लोक घाईघाईने दुसऱ्या ॲपकडे वळले. प्रत्यक्षात तो बदल मुख्यतः व्यावसायिक खात्यांशी होणाऱ्या संवादाबद्दलचा होता आणि वैयक्तिक संदेशांचे कूटबद्धीकरण, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कुणालाही ते वाचता येऊ नयेत अशी सोय, पूर्वीसारखेच राहिले होते. धोरणाच्या इतर भागांवर आक्षेप घेण्यास वाव होता. मात्र ज्यांनी मूळ मजकूर न वाचता संदेश पुढे ढकलला, त्यांनी त्या आक्षेपांवरचे लक्षही उडवून टाकले.

कुणाला काय लागू होते हे कळण्यासाठी एक वही ठेवावी. माणसाचे नाव, त्याचे यंत्र, विंडोजची किंवा अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा अपडेटचा महिना, एवढे रकाने पुरे. पासवर्ड मात्र या वहीत कधीही लिहू नयेत. अँड्रॉइड फोनमध्ये हा महिना सामान्यतः सेटिंग्जमधील फोनविषयक माहितीच्या पानावर सापडतो. तो महिना वर्ष-दीड वर्ष मागचा असेल आणि नवे अपडेट मिळत नसेल, तर त्या फोनचे आयुष्य कंपनीच्या लेखी संपलेले आहे, मग काच कितीही लखलखीत असो. अपडेट किती वर्षे मिळणार हे मॉडेलवर अवलंबून असते: गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ या मालिकांना ७ वर्षांचे आश्वासन आहे, स्वस्त फोनांना बहुधा त्याहून बरेच कमी.

आता प्रत्यक्ष सूचना लिहिण्याकडे वळू, कारण घोडे अडते ते इथेच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता. त्याच्या महिनाभर आधी मी सहकाऱ्यांना आणि नातेवाइकांना पाठवलेली पहिली सूचना अशी होती: ‘विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपत आहे. सर्वांनी शक्य तितक्या लवकर विंडोज ११ वर जावे.’ मला ती नेटकी वाटली होती. दुसऱ्या दिवशी एकाने विचारले, त्या तारखेनंतर संगणक चालू होणारच नाही का? एका काकूंनी सगळ्या फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक बंद करून ठेवला. बाकीच्यांनी काहीच केले नाही, कारण ‘शक्य तितक्या लवकर’ याचा व्यवहारातला अर्थ ‘सवडीने’ असा होतो. दोष वाचणाऱ्यांचा नव्हता. ‘सपोर्ट संपणे’ म्हणजे काय, हे मी सांगितलेच नव्हते.

मग ती सूचना मी अशी लिहिली: ‘तुमचा संगणक विंडोज १० वर चालतो. १४ ऑक्टोबरनंतरही तो चालू होईल आणि तुमच्या फाइल जागेवरच राहतील. मात्र त्यानंतर विंडोजमध्ये एखादी पळवाट सापडली, तर ती बुजवणारे अपडेट आपोआप मिळणार नाही, त्यामुळे त्या संगणकावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे ठरेल. तुमचा संगणक विंडोज ११ साठी चालतो का, हे मी शनिवारी पाहीन. तोपर्यंत काहीही डाउनलोड करू नये. याबाबत कुणाचा फोन आला, तर तो माझा नाही असे समजावे.’ ही सूचना पहिलीच्या जवळजवळ चौपट लांब आहे, तरीही तिच्यावर उलट प्रश्न जवळजवळ आले नाहीत. हे कुणाला लागू आहे, काय बदलणार नाही, काय बदलणार, आणि वाचणाऱ्याने नेमके काय करायचे, एवढे तिच्यात त्या क्रमाने आले आहे. ‘काय बदलणार नाही’ हे आधी सांगणे सगळ्यांत महत्त्वाचे, कारण घाबरलेला माणूस पुढचे वाक्य वाचत नाही. ज्यांचे संगणक जुने म्हणून विंडोज ११ ला चालत नव्हते, त्यांना वर्षभराच्या वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेबद्दल मी वेगळे कळवले. सगळ्यांच्या सूचनेत ते घातले असते, तर गोंधळात भर पडली असती.

‘अपडेट केले नाही तर काय बिघडते?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याला उपदेशाने उत्तर देऊ नये, घडलेली गोष्ट सांगावी. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक पळवाट बुजवणारे अपडेट दिले. त्याच पळवाटेतून १२ मे २०१७ पासून वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला आणि त्याने रुग्णालयांपासून कारखान्यांपर्यंतच्या संगणकांतील फाइल कुलूपबंद केल्या. मधल्या दोन महिन्यांत ज्या संगणकांवर ते अपडेट बसले होते, त्यांत त्याला या वाटेने शिरता आले नाही.

याचा अर्थ प्रत्येक अपडेटवर झडप घालावी असा नाही, आणि हा फरक वापरकर्त्यांना समजावून दिला पाहिजे. दरमहा येणारे सुरक्षा अपडेट आल्याबरोबर बसवावे, पण वर्षाकाठी येणारी मोठी नवी आवृत्ती काही आठवडे थांबून आणि बॅकअप घेऊनच बसवावी. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काही जणांच्या फाइलच पुसल्या. मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच ते थांबवावे लागले आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा द्यावे लागले. ज्यांनी धीर धरला त्यांना याची झळ बसली नाही.

सूचनेचे रूप कसे असावे, यात एक गोष्ट मी कटाक्षाने पाळतो: सूचनेत लिंक द्यायची नाही. ‘आजच इथे दाबा, अन्यथा खाते बंद होईल’ हा भामट्यांचा ठरलेला साचा आहे. आपली सूचना त्याच साच्यातून निघू लागली, तर आपणच माणसांना फसण्याची सवय लावतो. लिंकऐवजी वाट सांगावी, म्हणजे ‘फोनचे सेटिंग्ज उघडा, त्यात सिस्टिम, त्यात सॉफ्टवेअर अपडेट’ असे. फोनच्या कंपनीनुसार ही नावे थोडी वेगळी असतात, म्हणून त्याच फोनवरचा स्क्रीनशॉट जोडला तर उत्तम. ओटीपी, पिन किंवा पासवर्ड कोणत्याही सूचनेत कधीच मागितला जाणार नाही, हेही एकदा स्वच्छ सांगून ठेवावे.

काही वेळा ‘तुम्हाला काहीही करायचे नाही’ एवढेच कळवणे ही मोठी सेवा ठरते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि विमानसेवाही कोलमडल्या. ते सॉफ्टवेअर संस्थांच्या संगणकांवर असते, घरगुती संगणकांवर सहसा नसते. तरी बातमी पाहून पुष्कळ लोक धास्तावले आणि ‘दुरुस्ती करून देतो’ म्हणणारी बनावट संकेतस्थळेही लगोलग उगवली. त्या दिवशी दोन ओळींचा दिलासा लांबलचक लेखापेक्षा अधिक उपयोगी होता.

नुसत्या रूपातल्या बदलाला तज्ज्ञ मंडळी हसतात, पण सामान्य वापरकर्त्याला सर्वाधिक त्रास त्याचाच होतो. विंडोज ११ मध्ये स्टार्टचे बटण डाव्या कोपऱ्यातून मध्यभागी आले, आणि वर्षानुवर्षे डाव्या कोपऱ्याकडे आपोआप जाणारा हात गोंधळला. टास्कबारच्या सेटिंगमध्ये ते पुन्हा डावीकडे नेता येते. संगणक बदलून देताना हे हातासरशी करून द्यावे, निम्मी कुरकुर तिथेच थांबते.

पासकी, म्हणजे पासवर्ड न टाकता फोनमध्ये साठवलेल्या किल्लीने खात्यात शिरण्याची पद्धत, यासारखा बदल मात्र लिहून गळी उतरत नाही. तो शेजारी बसूनच शिकवावा. ऑक्टोबर २०२३ पासून गूगल वैयक्तिक खात्यांना पासवर्डऐवजी पासकीचा पर्याय आधी सुचवू लागले. पडद्यावर ती चौकट आली, की लोकांना पहिली शंका येते ती ‘माझ्या बोटाचा ठसा कंपनीकडे जातो का?’ अशी. ठसा फोनबाहेर जात नाही, तो फक्त फोनमधील किल्ली वापरण्याची परवानगी देतो. आणि ती किल्ली खऱ्या संकेतस्थळाशीच जोडलेली असल्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर ती चालतच नाही. हे सांगताना फोन त्यांच्याच हातात असू द्यावा. आपण भराभर बटणे दाबून ‘झाले’ म्हटले, तर पुढच्या वेळी ते पुन्हा आपल्याचकडे येतात. फोन हरवल्यास खात्यात परत शिरता यावे म्हणून पर्यायी नंबर आणि मेलचा पत्ता चालू आहे ना, हे त्याच बैठकीत पाहून घ्यावे.

सूचना पाठवली की काम संपले, असे नसते. ज्याने सांगितल्याप्रमाणे केले, त्याच्या नावापुढे वहीत खूण करावी. उरलेल्यांना पुन्हा तोच संदेश न पाठवता फोन करावा, कारण संदेश वाचूनही ज्याने काही केले नाही त्याचे अडलेले असते ते बहुधा एखाद्या शब्दापाशी किंवा विसरलेल्या पासवर्डपाशी. तारखा पुढे-मागे होतात, हेही ध्यानात ठेवावे. व्हॉट्सॲपने त्या धोरणासाठी आधी ८ फेब्रुवारी २०२१ ही तारीख दिली होती आणि नंतर ती १५ मेपर्यंत पुढे नेली. असे झाले, किंवा आपलीच काही चूक झाली, तर दुरुस्ती ज्या गटात मूळ सूचना गेली त्याच गटात, जुन्या संदेशाला उत्तर म्हणून, ‘दुरुस्ती’ असा शब्द सुरुवातीला घालून पाठवावी. जुना संदेश गुपचूप पुसून टाकू नये, कारण तोवर तो तीन ठिकाणी पुढे गेलेला असतो.