बुलेटचे टॅपेट, पुशरॉड आणि प्रीलोड: या चुका टाळा

बुलेटच्या टॅपेटला हात घालायचं कारण बहुतेकांचं एकच असतं: आवाज. कॅमचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉड नावाच्या दांडीला, आणि ती रॉकर नावाच्या तरफेने व्हॉल्व्ह उघडते. टिकटिक ऐकू आली की पाना निघतो आणि टिकटिक थांबेपर्यंत फिरत राहतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटवर मीही हेच केलं होतं. गाडी अगदी मुकी झाली. दुसऱ्या दिवशी कात्रजचा घाट चढून चहाला थांबलो, आणि गरम इंजिन काही केल्या सुरू होईना. किकवर पाय ठेवला की ती सरळ खाली जायची, कॉम्प्रेशनच नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे ज्या कडेवर तो बंद होतो तिथे, टेकतच नव्हता. थोडा सैल टॅपेट नुसता बडबडतो. घट्ट टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो, तेही गुपचूप.

या जुन्या इंजिनात सेटिंग पुशरॉडच्या खालच्या टोकाला असतं. इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभी असलेली गाडी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, आणि पहिली मोठी चूक इथेच होते. पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो. चुकीच्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात आणि सगळं सेटिंग वाया जातं. पॉइंटवाल्या बुलेटवर (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणारा स्विच) योग्य वेळेची सोपी खूण आहे. चावी चालू करून किक हळूहळू दाबा, अॅमीटरचा काटा बघा. पॉइंट कॅमच्या, म्हणजे इंजिनाच्या निम्म्या वेगाने चालतात, त्यामुळे कॉम्प्रेशनलाच उघडतात आणि काटा मध्यावर येतो. मग सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेशन लिव्हर ओढून किक जराशीच पुढे न्या.

आता रॉड दोन बोटांत धरा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. एक्झॉस्टचा किंचित मोकळा ठेवला तरी चालतो. लॉकनट आवळल्यावर पुन्हा फिरवून बघा, कारण आवळताना सेटिंग हमखास सरकतं. पातळ पाने नसतील तर कामाला बसूच नका, नटाचे कोपरे जातात.

हीच बोटांची पद्धत यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) या नव्या इंजिनाला लावणं ही दुसरी चूक. २००९च्या क्लासिकमध्ये आलेल्या या इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने अंतर आपोआप भरून काढणारे आहेत. सेटिंगचा स्क्रू शोधत बसू नका, तो नाहीच. टॅपेटच्या पोटात एक प्लंजर असतो, पुशरॉड त्याला थोडा दाबून बसतो. त्या दाबलेल्या अंतराला प्रीलोड म्हणतात. अमेरिकन व्ही-८ इंजिनांत तो साधारण ०.५ ते १.५ मिमी धरतात. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलचाच घ्या. आतली स्प्रिंग नाजूक असते, म्हणून प्लंजर दाबला गेला तरी तेलकट रॉड बोटात फिरतच राहतो. शून्य अंतर शोधायचं असेल तर रॉड वर-खाली हलवून बघा. हालचाल जिथे संपते ते शून्य.

स्क्रू नाही म्हणजे प्रीलोड बिघडत नाही, असं मात्र नाही. लेथवाल्याने हेड ०.३ मिमी घासलं की पुशरॉड तेवढाच लांब झाल्यासारखा होतो. सीट कापून व्हॉल्व्ह ०.३ मिमी वर आला, आणि रॉकरचं गुणोत्तर १.५ धरलं, तर रॉडच्या बाजूला आणखी ०.२ मिमी. झाले ०.५. प्लंजर तळाला टेकला की कात्रजची गोष्ट पुन्हा घडते. उलट, जाड गॅस्केट टाकलं तर प्रीलोड घटतो आणि टिकटिक सुरू होते. मग लोक बिचारे नवे टॅपेट विकत घेतात. हेडचं, सीटचं, गॅस्केटचं सगळं काम उरकल्यावरच लांबी मोजा, आधी मागवलेला रॉड बहुधा चुकतो.

मोजायला बारीक मार्कर पुरतो. कॅमचा उंचवटा टॅपेटखालून दूर असताना, रॉकर नुसता टेकलेला असताना, रॉडवर एका ठरावीक कडेच्या रेषेत खूण करा. रॉकर पूर्ण आवळा, त्याच कडेला दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे प्रीलोड. जास्त आला तर तेवढा आखूड रॉड, कमी आला तर तेवढा लांब. इन्लेट आणि एक्झॉस्टचं वेगवेगळं मोजा, आणि काढतानाच रॉडना चिठ्ठ्या लावा.

एक घाई महागात पडते. टॅपेट तेलाने भरलेले असताना रॉकर आवळले तर प्लंजर लगेच दबत नाही, व्हॉल्व्हच उघडतो. तशात इंजिन फिरवलं तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडू शकतो, रॉड वाकू शकतो. रॉकर समान आणि थोडे थोडे आवळत जा, तेल निथळू द्या, मग हाताने दोन फेऱ्या फिरवा. अडलं तर जोर लावू नका.

आणि बरेच दिवस उभ्या असलेल्या यूसीईने सुरू होताना काही सेकंद टिकटिक केली तर पाना पेटीतच राहू द्या. टॅपेटमधलं उतरलेलं तेल परत भरतंय, एवढंच. गरम झाल्यावरही आवाज राहिला तर आधी तेलाची पातळी बघा.