फँटसी फुटबॉल संघाचा इतिहास कसा लिहून काढावा

एनएफएल म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग. तिच्यावर चालणाऱ्या फँटसी लीगमध्ये प्रत्येक मालक खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ निवडतो आणि त्यांच्या मैदानातल्या कामगिरीवर त्याला गुण मिळतात. इथे संघाचं नाव दरवर्षी बदलतं, कधी ॲपसुद्धा बदलतं. त्यामुळे इतिहास नावावर बांधला की दोन-तीन हंगामांतच धागा तुटतो. आधी ठरवा की नोंद कोणाच्या खात्यावर करायची. दरवर्षी नव्याने ड्राफ्ट, म्हणजे खेळाडूंची निवड, होत असेल तर मालकाच्या. डायनॅस्टी लीगमध्ये (जिथे खेळाडू पुढच्या हंगामातही राखले जातात) मात्र मालक सोडून गेला तरी खेळाडू संघातच राहतात, म्हणून तिथे संघाची एक ओळ आणि मालकाची वेगळी ओळ ठेवा. नवा मालक आधीच्याची अजिंक्यपदं स्वतःच्या नावावर लावतो की नाही, हा वाद तिथेच मिटतो.

१. आधी नियमांचा तक्ता

गुणांना हात लावण्याआधी प्रत्येक हंगामाची एक ओळ तयार करा: वर्ष, ॲप, तेव्हाचं नाव, संघांची संख्या, ड्राफ्ट स्नेक (पाळीपाळीने, दर फेरीला क्रम उलटा) की ऑक्शन (लिलाव), साखळीचे आणि प्लेऑफचे (बाद फेरीचे) आठवडे, गुणपद्धती. जानेवारीतले सामने आदल्या वर्षाच्या हंगामातच धरा.

गुणपद्धतीचा रकाना रिकामा राहिला तर पुढचं सगळं वाया. एखाद्या रिसीव्हरने ८ पास झेलून ९० यार्ड आणि १ टचडाउन केला, तर साध्या पद्धतीत त्याचे १५ गुण होतात, अर्ध्या पीपीआरमध्ये (झेललेल्या दर पासला अर्धा गुण) १९ आणि पूर्ण पीपीआरमध्ये (दर पासला एक गुण) २३. खेळ तोच, आकडे तीन. क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्याच्या) पासिंग टचडाउनला ४ गुण होते की ६, हेही लिहा. शिवाय २०२१ पासून एनएफएलचा साखळी हंगाम १७ वरून १८ आठवड्यांचा झाला आणि बऱ्याच लीगनी अंतिम सामना सोळाव्या आठवड्यावरून सतराव्यावर नेला. साखळीत एक सामना वाढला, तर ‘हंगामातले सर्वाधिक गुण’ हा विक्रम जुन्या संघांवर अन्यायच करतो.

उपाय सोपा आहे: आपले आठवड्याचे गुण भागिले त्या आठवड्यातली लीगची सरासरी, गुणिले १००. लीगची सरासरी १०५ आणि आपले गुण १२६ असतील तर निर्देशांक १२०. हा आकडा कुठल्याही वर्षाशी ताडून पाहता येतो.

२. माहिती उतरवणं

दर आठवड्याचे सगळ्या संघांचे गुण उतरवा, फक्त आपले नाही; नाहीतर वरची सरासरी निघणारच नाही. याहूच्या ॲपमध्ये लीगला दरवर्षी नवा क्रमांक मिळतो. कमिशनरने (लीग चालवणाऱ्याने) जुनी लीग पुढे चालू न ठेवता नवीच उघडली असेल तर मागचा दुवा तुटलेला असतो. अशा वेळी जुना क्रमांक ईमेलमध्ये शोधावा लागतो. स्लीपर या ॲपचा एपीआय (माहिती थेट काढण्याची सोय) पासवर्डशिवाय वाचता येतो आणि प्रत्येक लीगच्या नोंदीत आदल्या वर्षाच्या लीगचा क्रमांक असतो, तो धरून मागे मागे जाता येतं.

आठवड्याचे सामने संपल्यावर सोमवारी रात्री दिसणारे गुण अंतिम समजू नका. एनएफएल आकडेवारीत नंतर दुरुस्त्या करते आणि ०.४ गुणांनी जिंकलेला सामना त्यात उलटू शकतो. म्हणून आठवड्याची नोंद पुढच्या शुक्रवारी करा.

नावांचा घोळ हमखास होतो. पँथर्सचा स्टीव्ह स्मिथ वेगळा, जायंट्सचा वेगळा, आणि दोघेही रिसीव्हर. एड्रियन पीटरसनही दोन होते, व्हायकिंग्ज आणि बेअर्सचे, दोघेही रनिंग बॅक. नावापुढे संघ लिहा. बचावफळी एकेका खेळाडूऐवजी अख्ख्या संघाची निवडली जाते, तिच्यासाठी शहर न लिहिता संघाचं नाव वापरा: चार्जर्स २०१७ मध्ये सॅन डिएगोहून लॉस एंजेलिसला गेले, रेडर्स २०२० मध्ये ओकलंडहून लास व्हेगासला. वॉशिंग्टनचं मात्र उलट, तिथे नावच दोनदा बदललं, त्यामुळे शहर पकडा.

ट्रेडमध्ये (मालकांमधल्या अदलाबदलीत) भविष्यातली ड्राफ्टची पाळी दिली असेल, तर त्या पाळीवर शेवटी कोण घेतला गेला हे नंतर परत येऊन भरा. हे कोणी करत नाही, आणि म्हणूनच जुन्या ट्रेडबद्दल सगळे छातीठोकपणे चुकीचं बोलतात.

३. नशीब मोजणं

जय-पराजय अर्धीच गोष्ट सांगतात. दर आठवड्याला आपले गुण बाकी प्रत्येक संघाशी ताडून बघा. बरोबरी झाली तर अर्धा विजय. १२ संघ आणि १४ आठवडे म्हणजे ११ × १४ = १५४ सामने. त्यांत ९८ विजय आले तर प्रमाण ०.६३६, म्हणजे १४ पैकी साधारण ८.९ विजय मिळायला हवे होते. प्रत्यक्षात ६ मिळाले असतील, तर संघ वाईट नव्हता, वेळापत्रक वाईट होतं.

प्लेऑफचा हिशोब साखळीत मिसळू नका. पहिल्या फेरीतली सूट, म्हणजे न खेळता पुढे जाणं, हा विजय नाही, आणि सांत्वन फेरीतले (अजिंक्यपदाच्या शर्यतीबाहेरच्या संघांचे) सामने तर मोजूच नका. तिथे निम्मे मालक लाइनअपही लावत नाहीत.

४. अपवादांची नोंद

२ जानेवारी २०२३ चा बिल्स-बेंगल्स सामना बिल्सचा खेळाडू डमार हॅम्लिन मैदानात कोसळल्यावर थांबला आणि पुढे रद्द झाला. तो सतरावा आठवडा होता, म्हणजे असंख्य लीगचा अंतिम सामना. कुठे अजिंक्यपद वाटून दिलं, कुठे पुढच्या आठवड्याचे गुण धरले. आपल्या लीगने काय ठरवलं ते निकालाशेजारीच लिहा.

५. मजकूर

प्रत्येक हंगामाला अर्धं पान पुरतं: ड्राफ्टच्या पहिल्या तीन फेऱ्या, जिथे हंगाम फिरला तो आठवडा, मोठा ट्रेड, शेवट. ‘दुखापतींनी घात केला’ असं मोघम न लिहिता कोण, कितव्या आठवड्यापासून बाहेर आणि त्याच्या जागी कोण खेळला, हे लिहा.

फाइलची एक प्रत कमिशनरकडेही ठेवा. नव्या हंगामासाठी तो सेटिंग बदलण्याआधी नियमांचं पान उतरवून घ्या.