पॅडिंग्टनला भेटायला जाताना

लंडनला आलेले आपले लोक मुलांना दुकानातला पॅडिंग्टन, म्हणजे गोष्टीतलं ते अस्वल, घेऊन देतात आणि पुढे जातात. तुम्ही आधी त्याच नावाच्या स्टेशनवर जा, जमलं तर विमानातून उतरल्या उतरल्या. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन अर्ध्या तासात थेट पॅडिंग्टनला आणते. वर आलात की शेजारीच एक नंबरचा प्लॅटफॉर्म. तिथे घड्याळाखाली टोपीवालं ब्राँझचं अस्वल आहे, मार्कस कॉर्निश यांनी घडवलेलं.

तिथे उभं राहूनच मुलांना गोष्ट सांगा. पेरूहून एकटं आलेलं पिल्लू, गळ्यात चिठ्ठी: ‘कृपया या अस्वलाची काळजी घ्या. धन्यवाद.’ लेखक मायकेल बाँड यांचं हे पुस्तक १९५८ साली आलं. दुसऱ्या महायुद्धात शहराबाहेर पाठवलेली, गळ्यात नावाची पट्टी अडकवलेली मुलं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. हे नक्की सांगा, मुलांना कळतं. माझा भाचा आठ वर्षांचा असताना मुंबईहून एकटा आला, तेव्हा त्याच्याही गळ्यात विमान कंपनीचं कागदपत्रांचं पाकीट होतं. अस्वलापुढे उभं राहून त्याने ते पाकीट मुठीत धरलं आणि विचारलं, “आत्या, याला घ्यायला कोण आलं होतं?” कोणीच नाही रे, म्हटलं. ब्राउन कुटुंबाला तो इथेच दिसला आणि ते त्याला घरी घेऊन गेले.

त्याच प्लॅटफॉर्मवर पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे, घरचं पत्र वाचत उभा असलेला सैनिक. तेही बघाच.

पुढे ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, डिस्ट्रिक्ट किंवा सर्कल लाइनने दोन स्टेशनं, नॉटिंग हिल गेट. तिथून पोर्टोबेलो रोड चालत. पॅडिंग्टनच्या सिनेमातलं त्याच्या मित्राचं, ग्रूबरकाकांचं, जुन्या वस्तूंचं दुकान म्हणजे इथलं लाल रंगाचं ‘अ‍ॅलिसेस’. शनिवारी भयंकर गर्दी असते, लहान मुलं असतील तर मधला वार धरा. ब्राउनांचं सिनेमातलं घर चॉक फार्मजवळच्या चॅल्कट क्रेसेंटवर आहे. रंगीत घरांची फार सुंदर गल्ली, पण लोक राहतात तिथे; पायऱ्यांवर चढून फोटो काढू नका.

चॉक फार्महून नॉर्दर्न लाइनने लेस्टर स्क्वेअर. पॅडिंग्टन तिथे बाकावर सँडविच खात बसलाय, मिस्टर बीनही त्याच चौकात भेटतो. डबा इथे उघडा. मार्मालेडचं, म्हणजे संत्र्याच्या जॅमचं, सँडविच सकाळीच करून घ्या; पॅडिंग्टनला तेच सगळ्यात आवडतं, टोपीखाली तो एक कायम ठेवतो. ब्रेडला लोणी जरा सढळ हाताने लावा. आपल्या मुरांब्यासारखी चव अपेक्षित धरू नका, सेव्हिल संत्र्याच्या सालीचा कडवटपणा त्यात हवाच. ही संत्री जानेवारीत जेमतेम काही आठवडे मिळतात, तेव्हा मी वर्षाचं करून ठेवते.

उरलेलं सँडविच मुलं अस्वलापाशी ठेवू बघतील. ठेवू देऊ नका. २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांनी पॅडिंग्टनबरोबर चहा घेतल्याची चित्रफीत आली होती; त्याच वर्षी त्या गेल्या तेव्हा लोकांनी उद्यानांत इतकी सँडविचं ठेवली की आणू नका असं सांगावं लागलं. भाच्याने त्याचा अर्धा तुकडा रुमालात गुंडाळून टोपीत ठेवला आणि टोपी तशीच डोक्यावर चढवली. ट्यूबमध्ये घरापर्यंत तो मान ताठ धरून बसला होता.