फोटोत बाईक उभीच दिसते? या चुका टाळा

बाईक भरधाव गेली, फोटोत मात्र स्टँडवर लावल्यासारखी! अशी तक्रार आली की मी आधी शटर स्पीड विचारतो, म्हणजे फोटो टिपताना शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं ते. उत्तर बहुधा 1/1000 किंवा त्याहून वेगवान. ताशी 60 किलोमीटरने धावणाऱ्या बाईकचं चाक सेकंदाला साधारण साडेआठ फेरे मारतं. 1/1000 सेकंदात ते जेमतेम तीन अंश फिरतं, म्हणजे एकेक आरा मोजून घ्या. 1/125 ला तेच चाक 24-25 अंश फिरतं आणि आरे विरघळतात. सुरुवात तिथून करा, हात बसला की 1/60 वर या. समोरून येणाऱ्या गाडीला हा हिशोब लावू नका. तिथे आरे दिसतच नाहीत. वेग सांगतात ती उडणारी धूळ आणि वळणावर कललेली गाडी.

गाडीबरोबर कॅमेरा फिरवताना, म्हणजे पॅनिंगमध्ये, हमखास होणारी चूक म्हणजे बटण दाबताच हात थांबणं. क्लिक झाल्यावरही फिरत राहा. पाय रोवायचे ते जिथे फोटो हवा त्या दिशेला. कंबर वळवून गाडी आधी पकडायची आणि पीळ सोडत यायचं. उलट केलंत तर ऐन क्षणी अंग आखडतं.

तरीही धूसर आलं? झूम करून आरशावरची किंवा टाकीवरची चमक बघा. हात कसा हलला ते ती रेघ मारून दाखवते. रेघ आडवी असेल तर तुमचा वेग गाडीशी जुळला नाही. शेवटी आकड्यासारखी वळली असेल तर बटण दाबताना कॅमेरा खाली खेचला गेला.

आता चौकट. गाडी नेमकी मध्यभागी येते, कारण फोकसचा ठिपका मध्यभागी असतो. तो आधीच बाजूला सरकवा, गाडीच्या पुढे जागा राहील. (मागे धुळीचा लोट सुरेख असेल तर मी हा नियम खुशाल मोडतो.) पार्श्वभूमी मात्र गाडी येण्याआधीच ठरवायची असते, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. मागे नुसतं आकाश असेल तर पॅनिंगची मेहनत वाया, कारण ओढले जायला तिथे काहीच नसतं. कवडशांची झाडी उत्तम. पांढरा फलक असेल तर चेहऱ्यामागून पांढरा पट्टा जाणार, हे धरून चाला.

उभ्या उभ्या फोटो काढला की बाईक खेळण्यातली वाटते. गुडघ्यावर बसा, लेन्स चाकाच्या आसापर्यंत आणा. वळणावर कॅमेरा तिरपा करण्याचा मोहही आवरा. जरा चुकलं की कललेली गाडी सरळ दिसते आणि मजाच जाते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला तर उभंच राहू नका. ताबा सुटलेली गाडी तिकडेच येते.

मोबाइलवर चाक अंड्यासारखं आलं तर तो सेन्सरचा खेळ: तो चित्र एकदम नाही, ओळीओळीने टिपतो आणि तेवढ्यात गाडी पुढे सरकते. जाक आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचं शटरही सरकत्या फटीचं होतं. 1910 च्या दशकात त्याने टिपलेल्या शर्यतीच्या मोटारीचं चाक पुढे झुकलेलं लंबगोल आलं आणि प्रेक्षक मागे कललेले. त्याने तो फोटो बाजूला टाकला होता. आज तोच त्याचा सर्वांत गाजलेल्या फोटोंपैकी एक आहे.