सिनियर आणि ज्युनिअर वकील : नाते बिघडवणाऱ्या या चुका टाळा

कायद्याची पदवी घेऊन सनद मिळवली आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाली की नव्या वकिलाला न्यायालयात उभे राहता येते. त्याआधी कोणाच्या हाताखाली उमेदवारी केलीच पाहिजे, असे बंधन नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ साली एक वर्षाच्या प्रशिक्षणाचा नियम केला होता, परंतु १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने तसा अधिकार कौन्सिलला दिलेला नाही, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने तो १९९९ मध्ये रद्द केला. त्यामुळे दावा कसा लिहावा, साक्षीदाराला काय विचारावे आणि काय विचारू नये, हे सारे शिक्षण आजही सिनियरच्या ऑफिसातच होते. ते नाते बिघडले तर ज्युनिअरची उमेदीची वर्षे वाया जातात आणि त्याची झळ पक्षकारालाही बसते. जिल्हा न्यायालयात मी आधी ज्युनिअर म्हणून आणि नंतर सिनियर म्हणून जे पाहिले, त्यावरून हे लिहीत आहे.

कारण न सांगता काम सोपवणे

"जा, तारीख घेऊन ये," एवढेच सांगून ज्युनिअरच्या हाती फाईल देणे, ही मला सर्वांत महाग पडणारी चूक वाटते. वकिलीच्या दुसऱ्या वर्षी एका दिवाणी दाव्यात प्रतिवादीतर्फे कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करायची होती. सिनियर दुसऱ्या कोर्टात उलटतपासात गुंतले होते आणि मुदतीचा अर्ज घेऊन मी उभा राहिलो. न्यायाधीशांनी विचारले, "समन्सची बजावणी कधी झाली? आणि तीस दिवसांत कैफियत का आली नाही?" बजावणीचा अहवाल न्यायालयाच्या फाईलमध्ये होता, आमच्या फाईलच्या आतल्या पानावर त्याची तारीखही टिपलेली होती, पण ती कोठे पाहायची हे मला माहीत नव्हते. मी पाने उलटत राहिलो. अर्ज नामंजूर झाला आणि कैफियतीविना दावा पुढे चालवण्याचा हुकूम झाला. पुढे तो हुकूम रद्द करून घेता आला, पण खर्च भरावा लागला आणि तो भरला आमच्या अशिलाने, ज्याची यात काहीही चूक नव्हती.

दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार कैफियतीसाठी बजावणीपासून तीस दिवस असतात आणि न्यायालय कारणे नोंदवून ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. नव्वद दिवसांनंतरही साध्या दाव्यात अपवाद म्हणून कैफियत घेतली जाते. वाणिज्य दाव्यात मात्र एकशे वीस दिवसांनंतर तो मार्ग बंद होतो. एवढे चार शब्द मला आधी सांगितले गेले असते किंवा मी विचारले असते, तर तो दिवस वेगळा गेला असता. सिनियरने फाईल देताना तीन गोष्टी सांगाव्यात : काम कशासाठी आहे, न्यायाधीश काय विचारतील आणि अर्ज नामंजूर झाला तर लगेच काय करायचे. ज्युनिअरनेही मागील रोजनामा (प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले याची नोंद) वाचल्याशिवाय, दावा कोणत्या टप्प्यावर आहे हे डायरीत लिहिल्याशिवाय आणि शंका विचारल्याशिवाय ऑफिसातून निघू नये. विचारल्याने सिनियरचा मान कमी होईल, ही समजूत दोन्ही बाजूंनी सोडायला हवी.

मसुदा दुरुस्त करून परत न दाखवणे

पूर्वी मसुदा लाल शाईने भरून परत येत असे आणि ती पाने जपून ठेवली जात. आता सिनियर संगणकावर थेट दुरुस्ती करतात, दावा दाखल होतो आणि ज्युनिअरला आपण काय चुकलो ते कळतच नाही. मनाई हुकुमाच्या दाव्याचेच उदाहरण घ्या. ज्युनिअर लिहितो, "वादीचा मिळकतीवर शांततापूर्ण ताबा आहे." वाक्य चांगले आहे, पण गट क्रमांकासोबत चतुःसीमा (जमिनीच्या चारही बाजूंच्या हद्दी) नाहीत, सातबाऱ्यावरील पिकांच्या नोंदींचा उल्लेख नाही आणि "दाव्यास कारण" या परिच्छेदात हरकत कोणत्या तारखेला, कोठे आणि कशी झाली ते नाही. सिनियर ही भर पाच मिनिटांत घालतात. ती घालताना ज्युनिअरला शेजारी बसवले तर पुढच्या दाव्यात तो स्वतः घालतो. न बसवल्यास सिनियरला पाच वर्षांनीही तेच लिहावे लागते, आणि ज्युनिअर हुशार नाही असा शिक्का मात्र त्याच्यावर बसतो. वेळ नसेल तर मूळ मसुदा आणि दाखल झालेली प्रत या दोन्ही ज्युनिअरने मागून घ्याव्यात आणि एकेक ओळ ताडून पाहाव्यात.

पैशांचा विषय टाळणे

या विषयावर दोन्ही बाजू मौन पाळतात आणि नाराजी आतल्या आत साचते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनिअरला शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली आहे. ती सक्ती नाही आणि तालुक्याच्या ठिकाणी सगळ्यांना ती परवडेल असेही नाही; पण रक्कम किती, कोणत्या तारखेला, बाहेरगावच्या कोर्टाचा प्रवासखर्च कोणी करायचा आणि स्वतःची कामे घेता येतील का, हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट बोलले पाहिजे. ज्याच्या घरून पैसे येतात तोच वकिलीत टिकतो, ही स्थिती मला अन्यायाची वाटते.

स्वतःच्या कामांबाबत एक दक्षता हवी. सिनियरचा पक्षकार परस्पर ज्युनिअरकडे येऊन "तुम्हीच चालवा" म्हणाला, तर ते त्याच दिवशी सिनियरच्या कानावर घालावे. ज्या प्रकरणात दुसऱ्या वकिलाचे वकीलपत्र आहे त्यात त्याच्या संमतीशिवाय हजर होऊ नये, असा व्यावसायिक वर्तनाचा नियमच आहे.

उभे राहण्याची संधी पुढे ढकलत राहणे

पूर्वी ज्युनिअर सरतपास, म्हणजे आपल्याच बाजूच्या साक्षीदाराची तपासणी, घेऊन तयार होत असे. २००२ पासून दिवाणी दाव्यांत सरतपास शपथपत्राने होऊ लागला आणि ती पायरीच नाहीशी झाली. आता एकदम उलटतपासाचेच आव्हान समोर येते. म्हणून मधल्या पायऱ्या सिनियरने मुद्दाम तयार कराव्यात : आधी किरकोळ अर्जावरील युक्तिवाद, मग केवळ कागद शाबित करण्यासाठी आलेल्या साक्षीदाराचा उलटतपास, तोही प्रश्न आदल्या दिवशी लिहून काढून. चूक झाली तर भर कोर्टात किंवा पक्षकारासमोर बोलू नये, कारण तो पक्षकार पुन्हा त्या ज्युनिअरवर विश्वास ठेवत नाही.

१ जुलै २०२४ पासून तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू झाल्यावर जुनी कलमे तोंडपाठ असलेल्या आम्हा मंडळींना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. नवी कलमे आणि ई-फायलिंग ज्युनिअरकडून शिकण्यात ज्यांनी संकोच केला नाही, त्यांच्या ऑफिसात ज्युनिअरही मोकळेपणाने शंका विचारू लागले, हे मी जवळून पाहिले आहे.

न सांगता ऑफिस सोडणे

वेगळे होण्यात गैर काही नाही. फोन बंद करून निघून जाण्यात आहे. किमान महिनाभर आधी सांगावे आणि आपल्याकडील प्रत्येक प्रकरणाची यादी करून द्यावी : क्रमांक, न्यायालय, टप्पा, पुढील तारीख, कोणती निशाणी (न्यायालयाने क्रमांक दिलेला कागद) कोठे आहे, कोणत्या नकलेसाठी अर्ज केला आहे आणि कोणाचे मूळ कागद आपल्या कपाटात आहेत. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड न करण्याचे बंधन, जे वरील तीन नव्या कायद्यांपैकी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, ऑफिस बदलल्याने संपत नाही. यादीवर दोघांनी सह्या कराव्यात, एकेक प्रत ठेवावी आणि मूळ कागद पक्षकाराच्या नावाने मोजून हाती द्यावेत.