शोधनिबंध जर्नलकडे पाठवताना

प्रयोग संपले, आकडे हाती आले आणि गाईडनी 'आता पेपर पाठवून टाका' असे म्हटले, की बहुतेक विद्यार्थी थेट लिहायला बसतात आणि जर्नल कोणते हा प्रश्न शेवटावर ढकलतात. हा प्रश्न आधी सोडवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण निबंधाची लांबी, आकृत्यांची संख्या, संदर्भ देण्याची पद्धत आणि प्रस्तावनेत काय समजावून सांगावे लागेल, हे सारे त्यावरच ठरते. आपल्या संदर्भसूचीत जे जर्नल वारंवार येते, तिथून शोध सुरू करावा आणि त्याचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळावेत. आपल्यासारखा एकही विषय तिथे दिसला नाही, तर संपादक निबंध त्या विषयातील तज्ज्ञ परीक्षकांकडे न पाठवताच परत करण्याची शक्यता मोठी असते.

याच टप्प्यावर बोगस जर्नल ओळखावी लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये सुरू केलेल्या 'यूजीसी-केअर' या दर्जेदार जर्नलच्या यादीचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालत असे. ती यादी बंद करत असल्याचे आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केले, त्यामुळे पारख करण्याची जबाबदारी आता संशोधकावर आणि त्याच्या संस्थेवर आली आहे. 'चार दिवसांत स्वीकारू, शुल्क लगेच भरा' असा ईमेल आला, की तिथेच थांबावे. संपादक मंडळातील दोन-तीन नावे घेऊन त्या प्राध्यापकांच्या संस्थेच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का ते पाहावे, आणि 'स्कोपस' या शोधनिबंधांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत समाविष्ट असल्याचा दावा असेल तर तो जर्नलच्या नव्हे, स्कोपसच्याच संकेतस्थळावर तपासावा. वर्गणीवर चालणाऱ्या अनेक चांगल्या जर्नलमध्ये लेखकाला काहीच पैसे भरावे लागत नाहीत, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते आणि नाहक भुर्दंड बसतो.

लेखकांची नावे आणि त्यांचा क्रम निबंध पाठवण्याआधी सर्वांच्या लेखी संमतीने ठरवावा. केवळ विभागप्रमुख आहेत म्हणून कोणाचे नाव घालू नये आणि ज्याने खरोखर काम केले त्याचे वगळू नये. एक निबंध एका वेळी एकाच जर्नलकडे पाठवायचा असतो. दोन ठिकाणी पाठवून जिथून आधी उत्तर येईल तिथे छापणे हा गैरप्रकार मानला जातो.

निबंधासोबत संपादकाला लिहायचे पत्र एका पानाच्या आत असावे. 'आपल्या प्रतिष्ठित जर्नलमध्ये' वगैरे गौरवाची त्यात गरज नसते. प्रश्न कोणता होता, काय सापडले आणि ते याच जर्नलच्या वाचकांना का उपयोगी आहे, हे चार-पाच वाक्यांत सांगून निबंध अन्यत्र छापलेला वा विचाराधीन नाही, एवढे नमूद करावे.

पाठवण्याचे बटण दाबण्यापूर्वी सारांशातला प्रत्येक आकडा तक्त्याशी बोट ठेवून ताडून पाहावा. माझा विहिरींच्या पाण्यातील नायट्रेटवरचा पहिला निबंध परत आला, तेव्हा संपादकाचा शेरा एका ओळीचा होता: सारांशात 48 विहिरी आहेत, तक्त्यात 46. दोन नमुने बाटल्या फुटल्यामुळे वगळले होते, पण ते कुठेच लिहिले नव्हते. चूक दोन आकड्यांची असली तरी संशय सगळ्या मोजमापावर आला.

परीक्षकांचे अभिप्राय यायला काही महिने लागू शकतात. 'मोठे फेरबदल करा' असे उत्तर आले तर निराश होऊ नये. दार उघडे असल्याची ती खूण असते. या टप्प्यावर सर्वाधिक कष्ट घ्यावेत, कारण चांगले निबंध ढिसाळ उत्तरापायी गमावलेले मी पाहिले आहेत. परीक्षकाचे प्रत्येक वाक्य जसेच्या तसे उतरवून त्याखाली आपले उत्तर आणि बदल केलेल्या ओळींचा क्रमांक द्यावा. समजा, 'नमुने फक्त उन्हाळ्यातले आहेत, मग वर्षभराचा निष्कर्ष कसा काढला?' असा आक्षेप आहे. 'सूचनेबद्दल आभार, दुरुस्ती केली' हे त्याचे उत्तर नव्हे. 'आक्षेप योग्य आहे. पावसाळ्यातले नमुने आमच्याकडे नाहीत, म्हणून निष्कर्ष मार्च ते मे या काळापुरता मर्यादित केला आहे आणि शीर्षकातही तसा बदल केला आहे. पाहा ओळ 212 ते 218' हे उत्तर आहे. परीक्षकाचे म्हणणे पटले नाही तर तेही लिहावे, मात्र कारण आणि आधार देऊन. आणि परीक्षकाचा गैरसमज झाला असेल, तर आपले वाक्य संदिग्ध होते असे समजून तेच आधी सुधारावे.

नकार आल्यास तोच मजकूर त्याच रात्री दुसरीकडे पाठवू नये. विषय लहान असेल तर नवा परीक्षकही तोच निघू शकतो, आणि आपल्या सूचनांकडे साफ दुर्लक्ष झाल्याचे त्याच्या लगेच लक्षात येते.

निबंध स्वीकारला गेला, की छपाईपूर्व मुद्रित येते आणि ते तपासायला बहुधा दोन-तीनच दिवस मिळतात. त्या दिवसांत नावांचे स्पेलिंग, एकके, दशांशचिन्हे आणि आकृत्यांखालच्या ओळी एका सहलेखकाने मोठ्याने वाचाव्यात आणि दुसऱ्याने मूळ प्रतीशी ताडाव्यात. निबंध एकदा प्रसिद्ध झाला, की त्यातली चूक गुपचूप बदलता येत नाही, तिच्यासाठी स्वतंत्र शुद्धिपत्र छापावे लागते.