टोचा मारलेली पिल्लं आतच मरत होती, त्यावरचा उपाय

थर्मोकोलच्या इन्क्युबेटरमध्ये गावरान अंडी. तापमान 37.5 अंशांवर स्थिर, तरी पिल्लं कवचाला टोचा मारून आतच मरायची; आतला पडदा कागदासारखा वाळलेला. संशय ह्युमिडिटी मीटरवर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या यंत्रावर गेला. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ओलसर केलं, मीटरसोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवलं. तिथे साधारण 75 टक्के दिसायला हवेत. आमचं यंत्र 86 दाखवत होतं! म्हणजे 65 दिसायचे तेव्हा आत जेमतेम 54.

आता 11 वजा करूनच वाचतो. 18व्या दिवशी अंडी फिरवणं बंद, आत ओला स्पंज, खरी आर्द्रता 65 ते 70. पाणी लागलं तर इन्क्युबेटरच्या झाकणाच्या भोकातून सलाइनच्या नळीने सोडतो. पिल्लं व्यवस्थित निघतात. झाकण उघडून बघू नका, हे घरच्यांना पटवणं मात्र अजून जमलेलं नाही.